हिंगोलीच्या पाण्यातील डायटम आणि त्यांच्या नोंदींचा इतिहास

हिंगोली जिल्ह्याचे सगळे पाणी शेवटी गोदावरीलाच मिळते, मात्र दोन वेगवेगळ्या वाटांनी. पूर्णा जिल्ह्याच्या दक्षिण अंगाने वाहत परभणी जिल्ह्यात गोदावरीत जाते. कयाधू वाशिम जिल्ह्यातून येते, सेनगाव, हिंगोली, कळमनुरी या तालुक्यांतून वाहत पैनगंगेला मिळते आणि ते पाणी वर्धा व प्राणहिता या नद्यांमार्गे पार सिरोंच्याजवळ गोदावरीत पडते. दोन्ही खोऱ्यांचा पाया एकच, दख्खनचा काळा बेसाल्ट. हा खडक झिजतो तेव्हा त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट आणि सिलिका पाण्यात उतरतात व पाणी किंचित अल्कधर्मी होते. विरघळलेली सिलिका शोषून आपले कवच घडवणारे सूक्ष्म शैवाल म्हणजे डायटम. पावसाळा ओसरल्यावर नदीपात्रातल्या गोट्यांवर जो तपकिरी, बुळबुळीत थर चढतो आणि ज्यावरून पाय घसरतो, त्या थराचा मोठा भाग डायटमांचा असतो.

डायटमची पेशी एकटी जगते किंवा इतर पेशींना चिकटून साखळ्या करते. हरितद्रव्याबरोबर तिच्यात फ्युकोझँथिन नावाचे तपकिरी रंगद्रव्य असते, म्हणून थराचा रंग हिरव्याऐवजी सोनेरी-तपकिरी दिसतो. पेशीभोवतीचे सिलिकेचे कवच दोन भागांचे असते. डब्यावर झाकण बसावे तसा एक भाग दुसऱ्यावर बसतो. पेशी विभागते तेव्हा प्रत्येक नव्या पेशीच्या वाट्याला जुन्या कवचाचा एक भाग येतो आणि आत बसणारा दुसरा भाग ती नव्याने घडवते. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या काही पेशी लहान होत जातात. आकार ठरावीक मर्यादेखाली गेला की लैंगिक प्रजननातून पूर्ण आकाराची पेशी पुन्हा तयार होते. जात ओळखणाऱ्याला ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते, कारण एकाच जातीची लांब आणि आखूड कवचे एकाच नमुन्यात सापडतात. ज्याने ही मालिका पाहिलेली नाही तो त्यांना दोन नावे देऊन मोकळा होतो.

कवचावरील नक्षी हीच जातीची ओळख. गॉम्फोनेमा या प्रजातीचे कवच पाचरीसारखे, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळते असते. मधोमध एक उभी फट, तिच्या दोन्ही बाजूंना आडव्या रेषा आणि मध्यभागी एका बाजूला बहुधा एकच सुटा ठिपका. हा ठिपका आहे की नाही, तो रेषेच्या टोकाला लागून आहे की अलग, दहा मायक्रॉन लांबीत रेषा किती बसतात, निमुळत्या टोकाशी छिद्रांचा पट्टा कसा आहे, यांवर नाव ठरते. निट्झशिया पालिया ही सांडपाण्यात हमखास वाढणारी जात याहून अवघड आहे. तिच्या आडव्या रेषा इतक्या दाट असतात की साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकात त्या जेमतेम दिसतात किंवा दिसतच नाहीत, कारण सुमारे ०.२ मायक्रॉनहून जवळच्या दोन गोष्टी प्रकाशाने वेगळ्या दाखवता येत नाहीत. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. अशा ठिकाणी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाशिवाय खात्री देता येत नाही.

नमुना घेण्याची रीत मात्र साधी आहे. वाहत्या पाण्यातले, पूर्ण बुडालेले चार-पाच गोटे उचलायचे, वरची माती पाण्याने हलकेच विसळायची आणि दात घासण्याच्या ब्रशने थर खरवडून बाटलीत घ्यायचा. एवढ्यात पाणी गढूळ तपकिरी होते. प्रयोगशाळेत हा गाळ आम्लात किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये उकळला की पेशीतले सेंद्रिय द्रव्य जळून जाते आणि कोरी कवचे उरतात. ती वारंवार धुऊन काचपट्टीवर पसरवायची आणि जास्त वक्रीभवनांक असलेल्या राळेत बसवायची. या राळेला फार महत्त्व आहे. डायटमच्या सिलिकेचा वक्रीभवनांक सुमारे १.४३ असतो. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या कॅनडा बाल्समचा १.५३ च्या आसपास आहे. दोहोंतला फरक थोडा, म्हणून त्यात नक्षी फिकी पडते. नॅफ्रॅक्ससारख्या राळेचा वक्रीभवनांक १.७ च्या घरात असल्याने तीच नक्षी ठसठशीत उठते. एका काचपट्टीवरील सुमारे चारशे कवचे ओळखून मोजली की त्या ठिकाणच्या समुदायाचे भरवशाचे चित्र हाती येते.

या जीवांचा लिखित इतिहास युरोपात सुरू झाला. १७०३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एका निनावी इंग्रज गृहस्थाने तळ्यातील वनस्पतीच्या मुळांना चिकटलेल्या चौकोनी पेशींच्या साखळीचे चित्र दिले. डायटमची ती पहिली निःसंशय नोंद मानली जाते. एकोणिसाव्या शतकात जर्मनीच्या एरेनबर्ग यांनी जगभरातून माती आणि गाळ मागवून हजारो कवचे रेखाटली. डायटमांना ते सूक्ष्म प्राणी समजत. भारतातील काही जुन्या नोंदी त्यांच्याच हातच्या आहेत. त्यानंतर बराच काळ भारतीय पाण्याचे नमुने परदेशी जात आणि नावे तिकडून येत. १९३५ मध्ये बोरिस स्क्वोर्त्सोव्ह या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने कलकत्त्याच्या डायटमांवर निबंध लिहिला. ते राहत होते मांचुरियातील हार्बिनला आणि निबंध छापला गेला फिलिपीन्समध्ये. देशात राहून देशातल्या डायटमांचा पद्धतशीर आढावा घेण्याचा मोठा प्रयत्न व्यंकटरामन यांनी केला. दक्षिण भारतातील डायटमांवरील त्यांचा निबंध १९३९ मध्ये भारतीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात आला.

पश्चिम भारतात या कामाचा पाया मुंबईत घातला गेला. एला गोन्साल्विस आणि हेमेंद्रकुमार पृथ्वीराज गांधी यांनी मुंबई व साष्टी बेटांवरील डायटमांचा आढावा १९५२ ते १९५४ या काळात भारतीय वनस्पतिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात तीन भागांत प्रसिद्ध केला. गोन्साल्विस पुढे दुसऱ्या शैवालगटांकडे वळल्या. गांधी (१९२०–२००८) आयुष्यभर डायटमांशीच राहिले. त्यांच्या निबंधांच्या शीर्षकांवरून नजर फिरवली तरी त्यांचा प्रवास कळतो: धारवाड, कोल्हापूर, राधानगरी, पन्हाळगड, जोगचा धबधबा, सागर, अहमदाबाद, जुनागढ. पन्हाळ्यावरील डायटमांवर त्यांनी १९५९ मध्ये स्वतंत्र निबंध लिहिला. गुजरातच्या मध्य भागातील गोड्या पाण्याच्या डायटमांवरचा त्यांचा ग्रंथ १९९८ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, देहरादूनहून प्रसिद्ध झाला. हाताने काढलेली रेखाचित्रे, मोजमापे, ठिकाण आणि अधिवास यांच्या नोंदी इतक्या काटेकोर आहेत की आजचा अभ्यासक त्या वर्णनावरून पुन्हा त्याच पाणवठ्यावर जाऊ शकतो. पश्चिम भारताच्या डायटमांविषयी जे काही नक्की माहीत आहे त्यातला फार मोठा वाटा या एका माणसाच्या चिकाटीचा आहे, आणि विज्ञानाच्या इतिहासात त्याची जेवढी कदर व्हायला हवी होती तेवढी झालेली नाही.

गांधींच्या नकाशात मराठवाडा दिसत नाही, आणि याचे कारण राजकीय इतिहासात शोधावे लागते. धारवाड १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आणि अहमदाबाद १ मे १९६० पर्यंत मुंबई राज्यातच होते. हिंगोली मात्र परभणी जिल्ह्याचा भाग म्हणून सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात आणि पुढे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होती. मुंबईच्या महाविद्यालयांतले अभ्यासक जिथे शिकवत आणि फिरत, त्या परिघात गोदावरी-पूर्णेचा हा प्रदेश येतच नव्हता. हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ १९१८ पासून होते, तिथे शैवालांवर कामही झाले, ए. आर. झफर यांनी तेथील मत्स्यतळ्यांतील शैवालांच्या परिस्थितिकीवर १९६० च्या दशकात लिहिलेली निबंधमाला आजही उद्धृत होते. पण ती तळी हैदराबाद शहराच्या परिसरातली. मराठवाड्याच्या नद्या दोन्ही केंद्रांपासून दूर राहिल्या. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले ते २३ ऑगस्ट १९५८ रोजी, आणि तालुक्याच्या गावांत विज्ञान महाविद्यालये पोचायला त्यानंतरही बराच काळ जावा लागला.

ही पोकळी भरण्याचे काम प्रामुख्याने एन. डी. कामत यांच्या नावावर आहे. कोल्हापूरच्या शैवालांवरील त्यांचा विस्तृत निबंध १९६३ मध्ये आला होता. भारतीय शैवालशास्त्र संस्थेच्या ‘फायकॉस’ या नियतकालिकात १९७४ मध्ये त्यांचा मराठवाड्यातील शैवालांवरचा निबंध छापून आला; विदर्भातील शैवालांवरचा १९७५ मध्ये मुंबई निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात. हिंगोली या दोन प्रदेशांच्या सीमेवर आहे. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ आणि विदर्भ, अलीकडे मराठवाडा. त्यामुळे या जिल्ह्याच्या अभ्यासकाला दोन्ही निबंध जवळ बाळगावे लागतात. १९८४ मध्ये पी. टी. सरोदे आणि कामत यांचा ‘महाराष्ट्रातील गोड्या पाण्याचे डायटम’ या अर्थाच्या शीर्षकाचा इंग्रजी ग्रंथ औरंगाबादच्या साईकृपा प्रकाशनाने काढला. सव्वातीनशेहून अधिक पृष्ठांच्या या ग्रंथात वर्णने, मोजमापे आणि आकृत्या आहेत. राज्यभरातील महाविद्यालयांत डायटम ओळखायचा म्हटले की आजही हाच ग्रंथ आधी उघडला जातो. मोठ्या संस्थांच्या पाठबळाने निघालेल्या परदेशी ग्रंथमालांपुढे औरंगाबादसारख्या ठिकाणी छापलेले हे पुस्तक चाळीस वर्षे टिकून आहे, ही लहान गोष्ट नाही.

१ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. जुन्या नोंदी शोधताना याचा अर्थ असा की त्याआधीचा नमुना हिंगोलीचा असला तरी त्यावर परभणी किंवा नुसते मराठवाडा लिहिलेले असते. गावाचे किंवा नदीचे नाव नसेल तर तो नमुना आजच्या कोणत्या जिल्ह्यातला, हे सांगता येत नाही. जिल्हानिहाय जैवविविधतेच्या याद्या करणाऱ्यांना ही अडचण सगळ्याच गटांत येते. डायटमांच्या बाबतीत ती जास्त जाचते, कारण मुळात नोंदीच कमी आहेत.

१९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि हिंगोलीची महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली. या काळात पाण्यावरील संशोधनाला एक ठरावीक साचा मिळाला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लघुसंशोधन प्रकल्पातून किंवा पीएच.डी.साठी एखादे धरण, तळे किंवा नदीचा टप्पा निवडायचा, दर महिन्याला पाण्याचे तापमान, सामू, विरघळलेला प्राणवायू, नायट्रेट, फॉस्फेट मोजायचे, जाळीने प्लवक गोळा करायचे आणि दोन वर्षांची सारणी मांडायची. मराठवाड्यातल्या बहुतेक जलाशयांची आज जी काही जीवशास्त्रीय माहिती उपलब्ध आहे ती अशा कामांतूनच आलेली आहे. अध्यापन, परीक्षा आणि इतर शेकडो कामे सांभाळून, बेताच्या पैशांत, दर महिन्याला बाटल्या घेऊन धरणावर जाणाऱ्या शिक्षकांनी ती जमवली आहे, आणि हवामान व पाणीसाठ्यातील बदल समजून घेण्यासाठी त्या मासिक आकड्यांचे मोल टिकून आहे.

डायटमांच्या दृष्टीने मात्र या साच्यात तीन उणिवा राहिल्या. पहिली, प्लवक-जाळी तरंगणारे जीव पकडते; गोट्यांवर, शेवाळावर, चिखलावर राहणारे डायटम तिच्यात अपघातानेच येतात, आणि उथळ नदीतली बहुसंख्य विविधता तर याच बैठ्या जातींची. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. आम्लाने स्वच्छ न करता, जिवंत किंवा आयोडीनमध्ये टिकवलेली पेशी ४५ पट मोठी दाखवणाऱ्या वस्तुभिंगाखाली पाहून नाव दिले तर प्रजातीपर्यंत पोचता येते, जातीपर्यंत क्वचितच. तरीही याद्यांमध्ये जातींची नावे सर्रास दिसतात. तिसरी उणीव भरून न येणारी: काचपट्टी आणि मूळ नमुना जपून ठेवला जात नाही. प्रकल्प संपतो, बाटल्या धुतल्या जातात आणि उरते ती फक्त यादी. यादीतले नाव चुकले होते का, हे मग कोणालाच तपासता येत नाही.

नावे चुकण्याचे कारण केवळ सूक्ष्मदर्शकाचे नाही. विसाव्या शतकाच्या मोठ्या भागात भारतीय अभ्यासकांच्या हाती जे ग्रंथ होते ते युरोपीय पाण्यावर बेतलेले होते. हुस्टेट या जर्मन अभ्यासकाचा मध्य युरोपातील डायटमांवरचा १९३० चा ग्रंथ त्यांत सर्वांत प्रभावी. डायटम सर्वत्र सारखेच असतात, वारा आणि पक्षी त्यांना जगभर नेतात, अशी समजूत तेव्हा रूढ होती. त्यामुळे दख्खनच्या ओढ्यातला एखादा गॉम्फोनेमा त्यातल्या त्यात जवळच्या जर्मन जातीच्या नावाखाली नोंदला जाई. गांधींना हे खटकत होते. जिथे फरक ठळक दिसला तिथे त्यांनी नवी जात किंवा नवा प्रकार म्हणून वर्णन दिले. नामकरणाचे नियमही याच सुमारास कडक झाले. १ जानेवारी १९५८ पासून शैवालाच्या नव्या नावासाठी लॅटिन वर्णन, आकृती आणि एक निश्चित प्रमाण-नमुना, म्हणजे ते नाव ज्याला कायमचे जोडले जाते तो नमुना, आवश्यक ठरला. गांधींचे बरेचसे काम या तारखेच्या अलीकडे-पलीकडे पसरलेले असल्याने त्यांच्या प्रत्येक नावाची वैधता वेगवेगळी तपासावी लागते.

हे तपासण्याचे काम एकविसाव्या शतकात पुण्यातून जोमाने सुरू झाले. १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून स्थापन झालेल्या आणि १९९२ पासून आघारकर संशोधन संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत कार्तिक बालसुब्रमणियन यांच्या नेतृत्वाखाली डायटमांवर काम करणारा गट उभा राहिला. तत्पूर्वी, २०१२ मध्ये, त्यांनी अमेरिकेतील पॅट्रिक कोचिओलेक यांच्याबरोबर कोल्हापूर परिसरातून गांधींनी नोंदलेल्या गॉम्फोनेमा जातींचा फेरविचार केला, त्यांचे प्रमाण-नमुने निश्चित केले आणि गॉम्फोनेमा गांधीआय या नावाने एका जातीला गांधींचे नाव दिले. २०१३ मध्ये द्वीपकल्पीय भारतातील सामान्य डायटमांची छायाचित्रांसह मार्गदर्शिका निघाली. तिच्या लेखकांत या दोघांबरोबर कॅनडातील पॉल हॅमिल्टनही होते. २०१९ मध्ये पश्चिम घाटातील जांभ्याच्या सड्यांवरील खळग्यांतून आणि चीनमधील हैनानमधून कुलिकोव्स्कीया ही नवी प्रजाती वर्णन झाली. त्यानंतर २०२४ मध्ये इंडिकोनेमा ही आणखी एक नवी प्रजाती जाहीर झाली. गॉम्फोनेमासारख्या दिसणाऱ्या या डायटमच्या दोन्ही टोकांना छिद्रांचे पट्टे असतात. गॉम्फोनेमात तो फक्त पायथ्याच्या टोकाला असतो. जगभर एकसारखे डायटम, ही जुनी समजूत या शोधांनी मोडीत काढली.

याच काळात जुन्या प्रजातींचीही फोड झाली. १९८४ च्या ग्रंथातली यादी आज जशीच्या तशी वापरता येत नाही. मेलोसिरा ग्रॅन्युलाटा आता ऑलॅकोसेरा ग्रॅन्युलाटा आहे. जलाशयांच्या पाण्यात साखळ्या करून तरंगणारी ही जात. नॅविक्युला कस्पिडाटा क्रॅटिक्युला झाली, अ‍ॅक्नॅन्थिस मिन्युटिसिमा अ‍ॅक्नॅन्थिडियममध्ये गेली, सायनेड्रा उल्ना उल्नारिया झाली. नाव बदलले तरी जुनी नोंद निकामी होत नाही, अट एवढीच की सोबत आकृती आणि मोजमाप हवे. सरोदे आणि कामत यांनी ते दिले म्हणून त्यांची नोंद आजच्या नावाशी जुळवता येते. नंतरच्या अनेक याद्यांत नुसती नावे आहेत. त्या जुळवायच्या कशाच्या आधारावर, हा प्रश्न सुटत नाही.

या नोंदींची गरज वर्गीकरणापुरती नाही. नदीचे पाणी कसे आहे हे रासायनिक चाचणी त्या क्षणापुरते सांगते. गोट्यावरचा डायटमांचा थर मागच्या काही आठवड्यांची हकीकत सांगतो. सांडपाणी वाढले की निट्झशिया पालिया आणि सायक्लोटेला मेनेघिनियाना यांसारख्या जाती फोफावतात आणि स्वच्छ, वाहत्या पाण्यातल्या जाती हटतात. प्रदूषणाचा अंदाज जीवांवरून घेण्याची कल्पना कोल्कविट्झ आणि मार्सन या जर्मन शास्त्रज्ञांनी १९०८ मध्येच मांडली होती. युरोपीय संघाच्या २००० सालच्या पाणीविषयक कायद्यानंतर डायटमांचे निर्देशांक तिकडच्या सरकारी तपासणीचा नेहमीचा भाग झाले. हिंगोलीत ही पद्धत उपयोगी पडावी अशी परिस्थिती आहे. पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यांवर वसमत भागात ऊस, केळी आणि हळद पिकते, खतांतले नायट्रोजन व फॉस्फरस निचऱ्याबरोबर ओढ्यांत येतात, आणि कयाधू हिंगोली शहराला लागून वाहते. मात्र युरोपातील निर्देशांकांत प्रत्येक जातीला दिलेले गुण तिथल्या थंड, बारमाही नद्यांवरून ठरलेले आहेत. कयाधूसारखी उन्हाळ्यात डबक्यांवर येणारी नदी त्या हिशेबात बसत नाही. पात्र कोरडे पडते तेव्हा ओलसर मातीत तग धरणाऱ्या हँट्झशिया अ‍ॅम्फिऑक्सिससारख्या जाती वाढतात, आणि ते कोरडेपणाचे लक्षण असते, घाणीचे नव्हे. स्थानिक नोंदींशिवाय दोहोंतला फरक कळणार नाही.

दुसरा उपयोग न्यायवैद्यक शास्त्रातला. पाण्यात सापडलेल्या मृतदेहाच्या बाबतीत व्यक्ती जिवंतपणी बुडाली की नंतर टाकली गेली, हे ठरवताना हाडातील मज्जा आम्लाने विरघळवून डायटम शोधतात. श्वास चालू असताना फुप्फुसांत गेलेले पाणी डायटमांना रक्तात आणि तिथून मज्जेत नेते, हे त्यामागचे तत्त्व. या चाचणीच्या भरवशावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. मज्जेत सापडलेले डायटम घटनास्थळाच्या पाण्यातल्या डायटमांशी जुळले तर मात्र पुराव्याला वजन येते. त्यासाठी प्रत्येक धरणाची, नदीच्या प्रत्येक टप्प्याची, ऋतूनुसार केलेली यादी आधीच तयार असावी लागते.

हिंगोलीच्या पाण्याचे रूप गेल्या साठ वर्षांत पुरते बदलले आहे. पूर्णेवर १९६८ मध्ये येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे झाली. येलदरी परभणी जिल्ह्यात, त्याखालचे सिद्धेश्वर हिंगोलीत. पैनगंगेवर हिंगोली-यवतमाळ सीमेवर इसापूर धरण १९८२ मध्ये झाले. वाहत्या पाण्याच्या जागी खोल, संथ जलाशय आले की गोट्यांवरचे डायटम कमी होतात आणि तरंगणारे वाढतात, हे जगभरच्या अनुभवावरून माहीत आहे. पूर्णेत धरणापूर्वी काय होते हे सांगू शकेल असा त्या काळचा काचपट्ट्यांचा संग्रह माहीत नाही. कामतांचा मराठवाड्यावरचा निबंधदेखील धरणे झाल्यानंतरचा आहे.

धरणानंतरचा काळ मात्र गाळात जमा आहे. मेलेल्या डायटमांची कवचे तळाशी साचतात आणि फार अल्कधर्मी पाणी नसेल तर शेकडो वर्षे टिकतात. नळी खुपसून गाळाचा उभा गाभा काढला, त्याचे पातळ थर कापले आणि प्रत्येक थरातले डायटम ओळखले की पाण्याचा इतिहास वर्षांच्या क्रमाने मांडता येतो. थरांचे वय शिसे-२१० या किरणोत्सारी समस्थानिकावरून ठरवतात. त्याचे अर्धायुष्य सुमारे २२ वर्षे आहे, म्हणजे साठ वर्षांच्या जलाशयासाठी ते सोयीचे. सिद्धेश्वर आणि इसापूरमध्ये असे गाभे घेतले तर सिंचन, खते आणि दुष्काळ यांचा पाण्यावरील परिणाम थर मोजून दाखवता येईल. धरणाच्या थरांखाली जुनी जमीन लागते, तिथे हा पुरावा थांबतो; त्यामागचे जाणून घ्यायचे तर जुनी गावतळी आणि बारवा यांच्या गाळाकडे वळावे लागेल.

तिथे वेळ कमी आहे. राज्य शासनाच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत २०१७ पासून तलावांतला गाळ काढून शेतात टाकला जातो. कोरडवाहू शेतकऱ्याला त्याचा फायदा होतो आणि तलावाची साठवणही वाढते, म्हणून हे काम व्हायलाच हवे. यंत्र लागण्यापूर्वी तलावाच्या सर्वांत खोल भागातून एक गाभा काढून ठेवायला एक दिवस पुरतो. त्यावर गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, तारीख, पाण्याची खोली आणि काढणाऱ्याचे नाव लिहून तो महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात थंड व अंधाऱ्या जागी ठेवायचा, आणि त्यातून केलेल्या काचपट्ट्यांचा एक संच पुण्यासारख्या ठिकाणच्या कायम संग्रहात पाठवायचा. जाती ओळखण्याचे काम नंतर, चांगले सूक्ष्मदर्शक आणि प्रशिक्षित माणूस मिळेल तेव्हा, दहा वर्षांनीही करता येते. शेतात पसरलेल्या गाळातून तो क्रम परत लावता येत नाही.